न मागितलेला आऊट

प्रश्न असा होता : ज्या पंचाविरुद्ध कधीच कोणी तक्रार करत नाही, त्याला चांगला पंच म्हणावे का?

हा प्रश्न मी शोधायला गेलो नव्हतो. तो माझ्याकडे काम म्हणून आला. आमच्या जिल्ह्यात शालेय बेसबॉलच्या स्पर्धा होतात आणि त्यांना पंच म्हणून उभे राहतात ते आमचेच क्रीडाशिक्षक. विभागीय स्पर्धेसाठी जिल्ह्याने एका पंचाचे नाव सुचवायचे असते. त्या वर्षी समितीने ते नाव ठरवण्याचे काम माझ्यावर सोपवले. मी विज्ञानाचा शिक्षक. खेळाडू कधीच नव्हतो. पण अनेक स्पर्धांत गुणलेखक म्हणून होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभी राहते त्या जागेच्या, मागे बसलो आहे, त्यामुळे नियम माहीत होते. शिवाय माझ्या शाळेचा संघ नव्हता. ज्याचे कोणी नाही तो तटस्थ, असा सरळ हिशेब समितीने केला असावा.

उमेदवार दोन होते.

पहिले आप्पा. हे त्यांचे नाव नव्हे. तापीकाठच्या गावांत त्यांना लहानथोर सगळे आप्पाच म्हणतात. पुढल्या वर्षी ते निवृत्त होणार होते. विभागीय स्पर्धेला ते पूर्वी कधी गेले नव्हते, आणि जायची इच्छा त्यांनी लपवलीही नव्हती. "एक डाव मोठा मैदानवर उभं ऱ्हावानं शे, मास्तर. मंग घर बसशू," असे ते माझ्या मोटरसायकलवर मागे बसून मला अहिराणीत सांगायचे. आवाज खणखणीत, इशारे स्वच्छ, टोपी सरळ. त्यांच्या सामन्यात वाद झाल्याचे कोणाला आठवत नव्हते.

दुसऱ्या उमेदवार म्हणजे म्हसावदकडच्या एका शाळेतल्या क्रीडाशिक्षिका; त्यांना सगळे मॅडम म्हणत. वयाने लहान, नोकरीत नव्या, बोलायला थोड्या तुटक. टोपी मागे सरकलेली असायची आणि ती सावरण्यात त्यांचा एक हात गुंतलेला असायचा. त्यांच्या सामन्यात प्रत्येक वेळी काहीतरी गलका होई. समितीतल्या एका सदस्यांनी मला आधीच सांगून ठेवले होते, "सर, यात तपासण्यासारखं काय आहे? एकाविरुद्ध तक्रार नाही, दुसरीविरुद्ध रोज आहे."

मलाही तेव्हा ते पटले होते. तरीही दिलेले काम पुरे करायचे, म्हणून स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मी मैदानावर गेलो.

मैदान शहादा तालुक्यातल्या एका शाळेचे होते. एका अंगाला केळीची बाग, दुसऱ्या अंगाला कापसाचे शेत. बोंडे नुकती फुटू लागली होती, आणि चेंडू त्या शेतात गेला की खेळाडूंपेक्षा वेचणीच्या बायकाच तो आधी शोधून देत. पहिला सामना मुलींचा होता : तालुक्यातली एक मोठी शाळा विरुद्ध धडगावच्या पलीकडची एक आश्रमशाळा. आश्रमशाळेच्या मुली पहाटे निघून जीपने उतरल्या होत्या. त्यांतली पहिल्या बेसवर उभी राहणारी मुलगी तर मणिबेलीच्या बाजूची. सुट्टीला घरी जायचे तर तिला होडी धरावी लागते. या मुली आपसात पावरी बोलीत बोलत, भरपूर हसत आणि चेंडू असा फेकत की ग्लोव्हमधून टाळी वाजावी तसा आवाज येई.

जे घडले ते समजण्यासाठी एक नियम सांगतो. बॅटर चेंडू टोलवते आणि पहिल्या बेसकडे, म्हणजे जमिनीवरच्या पहिल्या चौकोनी गादीकडे, धाव घेते. बचाव करणारी मुलगी चेंडू उचलून पहिल्या बेसवरच्या आपल्या सोबतिणीकडे फेकते. चेंडू ग्लोव्हमध्ये आधी आला तर बॅटर आऊट, पाय बेसवर आधी पडला तर सेफ. पंचाने मूठ वळून दाखवली की आऊट, दोन्ही हात आडवे पसरले की सेफ. बाकी काही नाही.

त्या सामन्याला मॅडम बेसवरच्या पंच होत्या. मोठ्या शाळेच्या मुलीने चेंडू जमिनीलगत टोलवला, आश्रमशाळेच्या मुलीने तो उचलून फेकला, पाय आणि चेंडू जवळजवळ एकदमच पोहोचले. मॅडमनी तत्काळ मूठ वळली. आऊट.

मोठ्या शाळेचे प्रशिक्षक बाकावरून उठून थेट रेषेपर्यंत आले.

"मॅडम, त्यास्नी अपील करीच नही! मंग आऊट कशी दिधी तुम्ही?"

"सर, इथे अपील लागत नाही. चेंडू आधी आला, म्हणून आऊट."

"आते तुम्ही आमले खेय शिकाडश्यात का?"

"शिकवत नाही, सर. तुम्ही रेषेच्या मागे व्हा."

प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले, "मॅडम, त्यास्ना वकील शेतस का तुम्ही?" हशा पिकला. मॅडमनी टोपी सावरली आणि पुढचा चेंडू टाकायला सांगितला.

माझ्याभोवती बसलेल्या सगळ्यांनी प्रशिक्षकांच्या बोलण्यावर मान डोलावली होती. माझीही मान तिकडे झुकू लागली होती, आणि तिथेच थांबली. कारण प्रशिक्षकांची तक्रार "ती सेफ होती" अशी नव्हतीच. ती आऊट आहे हे त्यांना मान्य होते. ज्यांनी मागितला नाही त्यांना तो दिला, ही त्यांची तक्रार होती.

हा क्रिकेटचा कायदा आहे. क्रिकेटमध्ये दाद मागितल्याशिवाय पंच कोणालाही बाद देत नाही. आमच्याकडे प्रत्येक गावच्या पडीक रानात क्रिकेट खेळले जाते, आणि आमचे बहुतेक पंच त्याच रानांतून आले आहेत. बेसबॉलमध्येही काही मोजक्या प्रसंगी, म्हणजे धावणारीने एखाद्या बेसला पायच लावला नाही असे वाटले तर, दाद मागावी लागते. पण पहिल्या बेसवरच्या या साध्या शर्यतीत मागण्याचा प्रश्नच येत नाही. पंचाने पाहायचे आणि सांगायचे.

डावांच्या मधल्या वेळेत मी आश्रमशाळेच्या त्या पहिल्या बेसवरच्या मुलीला विचारले, "तुम्ही ओरडत का नाही? समोरच्या मुली तर प्रत्येक चेंडूला ओरडतात."

ती पाणी पीत होती. बाटली खाली ठेवून तिने शाळेतल्या मराठीत उत्तर दिले, "सर, ती आऊटच होती. ओरडून अजून आऊट होणार का?"

मैत्रिणी हसल्या. त्यांच्या प्रशिक्षकांनी मला खुलासा केला की शाळेत क्रिकेटचे साहित्यच नव्हते, बेसबॉलचे आले, म्हणून मुली थेट हाच खेळ शिकल्या. पंचावर ओरडणे म्हणजे बेशिस्त, असे त्यांनीच शिकवले होते. मी विचारले, "आणि पंचाचा निर्णय चुकला तर?" ते म्हणाले, "आम्ही कशाला बोलायचं, सर? त्यांनी बघितलं असेल."

हे ऐकल्यावर माझा मूळ प्रश्न उलटा होऊन समोर आला. जो संघ मागत नाही, तो तक्रारही करत नाही. मग मागणाऱ्यांना देणारा आणि न मागणाऱ्यांना न देणारा पंच असेल, तर त्याच्याविरुद्ध तक्रार येणार तरी कोणाकडून? त्याचे सामने शांतच होणार.

ही केवळ शंका होती. शंकेवरून कोणाचे नाव कापणे योग्य नाही. तपासणे भाग होते.

दुसऱ्या दिवशी आप्पा बेसवरचे पंच होते. पहिल्या बेसच्या समोर, रेषेपासून पुरेशा अंतरावर, मी प्लास्टिकची खुर्ची टाकली. पंचाने निर्णय देण्यापूर्वी आपला निर्णय मनात पक्का करायचा : आऊट वाटला तर मांडीवरची मूठ वळायची, सेफ वाटला तर तळवा उघडा ठेवायचा. त्यानंतरच पंचाकडे पाहायचे. ओरड्याचा परिणाम माझ्यावर होऊ नये म्हणून मी शेजारच्या शेतातल्या बाईंना विचारून एक बोंड घेतले आणि कानांत कापूस घातला.

प्रयोग फसला. पहिल्या काही धावांत माझी मूठ धड वळेना आणि तळवा धड उघडेना. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. डोळ्यांना एका वेळी दोन ठिकाणी नीट पाहता येत नाही. बेसवरचा पाय पाहावा तर ग्लोव्ह दिसत नाही, ग्लोव्ह पाहावा तर पाय निसटतो. म्हणून जाणता पंच डोळे पायावर ठेवतो आणि चेंडू कानाने ऐकतो. ग्लोव्हचा फट् आवाज आधी, की पाय आधी, एवढेच त्याला ठरवायचे असते. मी नेमके तेच इंद्रिय बुजवून बसलो होतो.

आप्पांनी लांबून पाहिले आणि डाव संपताच हसत आले.

"काय मास्तर, कानमा कापूस घालीसन पंच तपासस का? सारंगखेडाना बजारमा लोके घोडाना दात तरी देखतस. तू ते आंधया-बहिरानं सोंग करी ऱ्हायना!"

"कापूस काढला, आप्पा. आता ऐकतो."

"ऐक, ऐक. मन्हा आवाज पार शहादापावत जास."

कापूस काढल्यावर दुसरी गोष्ट कळली. मोठ्या शाळेच्या मुली चेंडू ग्लोव्हमध्ये पडण्याच्या आधीच ओरडत. त्या ओरड्यात ग्लोव्हचा आवाज बुडून जाई. म्हणजे ओरडा पंचाच्या मनावर दडपण आणतो एवढेच नाही. ज्या पुराव्यावर निर्णय द्यायचा तो पुरावाच तो झाकतो. मग उरते काय? कोण ओरडले, एवढेच.

मी आप्पांना पाहत राहिलो, त्या सामन्यात आणि नंतरच्याही. सोप्या धावांत ते अचूक होते. पण अटीतटीच्या वेळी, पाय पडल्यानंतर आणि हात उचलण्यापूर्वी, ते क्षणभर थांबत. त्या क्षणात त्यांची नजर बेसवरून उठून बचाव करणाऱ्या मुलींच्या तोंडाकडे जाई. ओरडा आला तर मूठ. शांतता असेल तर आडवे हात. मांडीवर माझी मूठ वळलेली आणि समोर आप्पांचे हात पसरलेले, असे आश्रमशाळेच्या बाबतीत पुनःपुन्हा झाले. मोठ्या शाळेच्या बाबतीत नेमके उलटे : माझा तळवा उघडा आणि आप्पांची मूठ.

मॅडमच्या सामन्यांतही माझे आणि त्यांचे सगळे निर्णय जुळले नाहीत. एकदा तर त्यांनी स्पष्ट सेफ असलेली मुलगी आऊट दिली, असे मला आजही वाटते. मात्र त्यांच्या चुका दोन्ही संघांच्या वाट्याला येत. निर्णय देताना मॅडम मध्येच थांबत नसत आणि त्यांची नजर कोणाच्या तोंडाकडे जात नसे.

माझा निर्णयही एका माणसाचाच होता, हे मी विसरलो नव्हतो. म्हणून ज्या धावांत मला स्वतःलाच शंका होती, त्या मी दोघांच्याही बाबतीत सोडून दिल्या. तरीही कल बदलला नाही.

वर्गात मी मुलांना दोन प्रकारचे काटे दाखवतो. एक काटा जरा थरथरतो. कधी थोडे जास्त दाखवतो, कधी थोडे कमी. दुसरा अगदी स्थिर असतो, पण त्याचे एक पारडे मुळातच खाली असते. नंदुरबारच्या मिरची बाजारात कोणता काटा चालेल, असे विचारले की मुले झटकन पहिला सांगतात. थरथरणारा काटा दुरुस्त करता येतो आणि तो कोणाला कायमचे लुबाडत नाही. स्थिर दिसणाऱ्या काट्याची मात्र कोणी तपासणीच करत नाही.

अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी आप्पांना हे सांगितले. शाळेच्या पाणपोईपाशी आम्ही दोघेच होतो. त्यांना कमीपणा वाटेल हे मला कळत होते. पण त्यांच्या पाठीमागे नाव कापणे मला मान्य नव्हते.

आप्पांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "जो मांगस नही, त्याले सोताले खात्री नही. ज्याले खात्री नही, त्याले मी कसाले देवा?"

"क्रिकेटात बरोबर, आप्पा. इथे खात्री खेळाडूने करायची नाही, तुम्ही करायची."

"म्हंजे मी इतला वरीस लबाडी करी?"

"लबाडी नाही. सवय. तुम्ही थांबता, आणि थांबून बेसकडे न पाहता पोरींकडे पाहता. उद्या स्वतःच बघा. हात उचलण्याआधी डोळे कुठे जातात, तेवढेच बघा."

"आनि मन्हं नाव?"

"ते मी अंतिम सामन्यानंतर सांगेन, आणि तुम्हालाच आधी सांगेन."

त्यांनी मोटरसायकलवर मागे बसायला नकार दिला आणि एस.टी.ने गेले.

अंतिम सामना त्याच दोन शाळांत झाला. आधीचे सामने साखळी पद्धतीचे होते आणि त्यांत याच दोन शाळा सर्वांत पुढे राहिल्या होत्या. मॅडम प्लेटमागे मुख्य पंच, आप्पा बेसवर. शेवटच्या डावात आश्रमशाळा एका धावेने पुढे होती. मोठ्या शाळेच्या दोघी आऊट झालेल्या, तिसरी झाली की डाव संपणार; एक मुलगी तिसऱ्या बेसवर धाव घ्यायला टपलेली. बॅटरने चेंडू टोलवला आणि पहिल्या बेसकडे सुटली. बॅटर सेफ झाली तर तिसऱ्या बेसवरचीची धाव धरली जाऊन बरोबरी, आऊट झाली तर सामना संपला. चेंडू उचलला गेला, फेकला गेला, ग्लोव्हमध्ये फट् वाजला, पाय बेसवर आपटला.

आश्रमशाळेची एकही मुलगी ओरडली नाही. पहिल्या बेसवरची ती मुलगी चेंडू ग्लोव्हमध्ये घट्ट धरून नुसती उभी होती.

माझी मूठ वळली होती. मी आप्पांकडे पाहिले. त्यांचे डोळे बेसवर खिळलेले होते, आणि त्यांची मूठ आधीच वर गेलेली होती.

मोठ्या शाळेचे प्रशिक्षक धावत आले. "आप्पा! तुम्ही बी? कोनी मांगं का त्यास्मातून?"

आप्पांचा आवाज खरोखरच शहाद्यापर्यंत गेला असेल. "मांगानं ते बजारमा मांग, भो! आठे जे व्हयनं ते सांगनं पडस!"

प्रशिक्षकांनी लेखी तक्रार दिली. आप्पांच्या कारकिर्दीतली ती बहुधा पहिलीच. आश्रमशाळेच्या मुली एव्हाना मैदानाच्या मधोमध नाचत होत्या.

गर्दी पांगल्यावर आप्पा माझ्या खुर्चीपाशी आले. घाम पुसत म्हणाले, "देखं?"

"देखं, आप्पा. अचूक दिलात."

"मंग?"

मी ठरवलेलेच सांगितले. नाव मॅडमचे जाणार होते.

"आज मी बरोबर दिधं तरी?"

"आजचा एक निर्णय बरोबर होता, आणि तो अवघड होता. पण मूल्यमापन सगळ्या सामन्यांचे आहे. एका चांगल्या उत्तरावर मी वर्गात कोणाला पास करत नाही. तुम्हाला केले, तर उद्या माझा काटा कोण तपासणार?"

आप्पांनी टोपी काढून झटकली. त्यांची मोठ्या मैदानाची इच्छा मी संपवत होतो, हे दोघांनाही ठाऊक होते. मला वाईट वाटत होते. निर्णय बदलावा असे मात्र वाटत नव्हते.

टोपी पुन्हा सरळ बसवत ते म्हणाले, "तिले सांग, टोपी ते नीट घाल. तठे लोके टोपीबी देखतस."

समितीत मला तोच जुना मुद्दा ऐकवण्यात आला : बाईंविरुद्ध तक्रारी आहेत. मी म्हणालो, तक्रारी कशाच्या आहेत ते वाचा. एकीतही "निर्णय खोटा" असे म्हटलेले नाही. सगळ्यांचा सूर "न मागता दिला" असाच आहे. चर्चा लांबली. नाव बदलायचे असेल तर बदलणाऱ्याने मैदानावर येऊन दोन सामने माझ्या खुर्चीत बसावे, एवढी अट मी घातली आणि ती सोडली नाही. कोणी आले नाही. नाव गेले.

विभागीय स्पर्धेला मी आणि आप्पा दोघेही प्रेक्षक म्हणून गेलो. मोटरसायकलवर ते पुन्हा मागे बसले. मॅडमची टोपी सरळ होती. पहिल्या बेससमोर आप्पांनी स्वतःच दोन खुर्च्या ओढल्या, मांडीवर हात ठेवला आणि मला दटावले, "बोलू नको. ऐकू दे." पहिली अटीतटीची धाव झाली तेव्हा त्यांची मूठ माझ्याआधी वळली, आणि मॅडमची आम्हा दोघांच्याही आधी.

तेव्हा माझ्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे : तक्रार नसणे हा पंचाच्या चांगुलपणाचा पुरावा नाही. आधी पाहावे की ज्यांचे नुकसान होते त्यांना तक्रार करण्याची सवय आहे का.

पण हे उत्तर माझ्या शब्दावर स्वीकारू नका. तुमच्या गावात बेसबॉलचा सामना असेल तेव्हा पहिल्या बेसच्या समोर बसा. डोळे पायावर ठेवा, कान ग्लोव्हकडे. निर्णय आधी स्वतःच्या मुठीत ठरवा, आणि मग पंचाकडे पाहा; त्याचा हात उठण्यापूर्वी त्याची नजर कुठे जाते तेही पाहा. माझे चुकले असेल तर तिथे दिसेल. कृपया स्वतः तपासून पाहा.